आरएक्स १००ची रेस उतरत नाही? कार्बोरेटर बदलण्याआधी हवा कुठून शिरते ते शोधा

वाचकाचं पत्र: माझी १९९३ची यामाहा आरएक्स १०० आहे. तीन महिन्यांपूर्वी सिलिंडर बोअर करून नवीन पिस्टन टाकला. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ही तक्रार सुरू झाली. सकाळी थंड इंजिन एका किकमध्ये चालू होतं आणि स्लोवर (आयडलला) नीट उभं राहतं. सात-आठ किलोमीटर चालवली की रेस खाली येत नाही. थ्रॉटल सोडला तरी तीन-चार सेकंद वरच राहते, मग कशीबशी उतरते. मेकॅनिकने आयडल स्क्रू पूर्ण सोडला, तरी इंजिन बंद पडत नाही. टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल मी पेट्रोलमध्येच मिसळतो. ‘इंजिन गरम होतंय’ म्हणून त्याने लिटरला २० मिलीऐवजी ४० मिली टाकायला सांगितलं. आता तो म्हणतो, कार्बोरेटर गेला, नवीन टाका. टाकू का? आणि तोवर गाडी रोज कामावर नेली तर चालेल का?
— एक वाचक, वाई

उत्तर:

कार्बोरेटर इतक्यात घेऊ नका, आणि कारण सापडेपर्यंत गाडी कामावरही नेऊ नका.

आयडल स्क्रूचं काम एवढंच असतं की कार्बोरेटरमधली स्लाइड (थ्रॉटलने वर-खाली होऊन हवेची वाट उघडणारा भाग) पूर्ण खाली बसू न देता किंचित उचलून धरायची. तो सोडला की स्लाइड तळाला टेकते, हवेची वाट बंद होते आणि इंजिन बंद पडायला हवं. तुमचं पडत नाही, म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक तर स्लाइड खाली टेकत नाही, किंवा इंजिनाला कार्बोरेटर सोडून दुसरीकडून हवा मिळते. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘एअर घेते’. नवा कार्बोरेटर पहिल्या शक्यतेवर कदाचित उपाय ठरेल, दुसरीवर अजिबात नाही. त्यात तुमची तक्रार फक्त गरम झाल्यावर दिसते, म्हणून माझा संशय दुसरीवर जास्त आहे. अडकलेली केबल किंवा उलटी बसलेली स्लाइड थंड-गरम बघत नाही, ती पहिल्या किकपासूनच त्रास देते.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची बंद पेटी, हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना खाली पोकळी तयार होते, रीड व्हॉल्व्ह (एकाच बाजूने उघडणारी पातळ पाती) उघडतो आणि पेट्रोल-हवेचं मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटांमधून, वर चढतं. म्हणून कार्बोरेटर इंजिनाला जोडणाऱ्या मॅनिफोल्डपासून क्रँकच्या दोन्ही टोकांच्या ऑइल सीलपर्यंत (शाफ्टभोवतीच्या रबरी कड्यांपर्यंत) सगळं हवाबंद असावं लागतं. फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकचा सील गेला तर तेल गळतं. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रणच बिघडतं. त्यातही स्लोवर सर्वात जास्त, कारण तेव्हा स्लाइड जवळजवळ बंद असते आणि सगळा ओढा त्या फटीवर येतो. पूर्ण थ्रॉटलला कार्बोरेटरमधूनच इतकी हवा येत असते की फटीचा वाटा नगण्य होतो. म्हणूनच मेकॅनिक हायवेवर चक्कर मारून येतो आणि ‘गाडी मस्त पळते’ म्हणतो. त्याचं खरं असतं, पण त्यातून फट नाही हे सिद्ध होत नाही.

हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं तर इंजिन मंदावायला हवं, मग रेस का चढते, असा प्रश्न पडेल. निरोगी टू-स्ट्रोक स्लोवर थोडं जड, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिश्रणावर चालतं आणि सिलिंडरमध्ये जळका वायूही बराच उरलेला असतो, त्यामुळे ते प्रत्येक फेऱ्याला पेट घेत नाही, मध्ये एखादा फेरा सोडतं. मिश्रण हलकं झालं (पेट्रोल कमी पडलं) आणि वरून हवाही जास्त मिळाली की ते जवळजवळ प्रत्येक फेऱ्याला पेटतं आणि फेरे वाढतात. हे कुठल्याही चांगल्या टू-स्ट्रोकवर पाहता येतं. स्लोवर चालू असताना पेट्रोलचा कॉक बंद करा. कार्बोरेटरचं फ्लोट चेंबर (पेट्रोलची वाटी) रिकामं होत आलं की बंद पडण्याआधी काही सेकंद रेस आपोआप चढते. तुमची गाडी सात-आठ किलोमीटरनंतर सतत त्याच अवस्थेत असते.

आता कामावर का न्यायची नाही ते. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर. फटीतून शिरणारी हवा पेट्रोल आणत नाही आणि तेलही आणत नाही. पिस्टनचा माथा तापतो, पिस्टन फुगतो आणि नव्या बोअरमध्ये आधीच कमी असलेली जागा संपते. पसरणी घाट उतरताना थ्रॉटल बंद आणि चाकांच्या ओढीने फेरे जास्त, ही टू-स्ट्रोकसाठी सर्वात वाईट स्थिती, कारण तेल जवळजवळ बंद झालेलं असतं. अशा वेळी इंजिन एअर घेत असेल तर पिस्टन जाम होऊ शकतो, आणि चालत्या गाडीत पिस्टन जाम म्हणजे मागचं चाक लॉक. ज्यांना नाइलाजाने गाडी घरापर्यंत आणावी लागते त्यांनी उतारावर अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडावा आणि दोन बोटं क्लचवर ठेवावीत.

४० मिली तेलाचा सल्ला हेतूने चांगला असला तरी इथे उलटा पडतो. कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक भोकातून) ठरावीक द्रव जातो. त्यात तेल जास्त म्हणजे पेट्रोल कमी, आणि दाट मिश्रण जेटमधून जातंही थोडं हळू. म्हणजे मिश्रण आणखी हलकं होतं. बोअर नवीन असताना पहिल्या काही टाक्यांना तेल थोडं जास्त घालतात ते ठीक, पण आता चांगल्या कंपनीचं टू-टी लिटरला २० मिलीवर परत या. रेसच्या तक्रारीवर तेल हा इलाज नाही.

आणखी एक गोष्ट तपासणीआधी सांगायला हवी. फट मोठी असेल तर उभ्या गाडीची रेस कधी कधी आपोआप किंचाळण्यापर्यंत चढते, आणि प्लगचं टोक लाल झालेलं असेल तर चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. तेव्हा पेट्रोलचा कॉक बंद करू नका, त्याने मिश्रण हलकं होत जाऊन रेस आणखी चढते. चोक पूर्ण ओढा, म्हणजे जास्तीच्या पेट्रोलने इंजिन गुदमरेल. तरीही थांबलं नाही तर गाडी सरळ धरून, दोन्ही ब्रेक घट्ट दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडा.

आता शोध. आधी फुकटचं आणि सोपं.

इंजिन स्लोवर ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. रेस बदलली तर केबल कुठेतरी ताणली जातेय, बहुतेक टाकीखाली फ्रेम आणि टाकी यांच्यात. बोअरच्या कामात टाकी उतरवलेली असते आणि परत बसवताना केबल चिमटीत सापडणं नेहमीचं. थ्रॉटलच्या मुठीला फिरवण्याआधी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक असली पाहिजे. हवेच्या फिल्टरकडची रबरी नळी काढून कार्बोरेटरच्या तोंडातून टॉर्चने पाहा आणि थ्रॉटल सोडा. स्लाइड ‘टक’ आवाज करून खाली बसली पाहिजे, हळू सरकत नव्हे.

कार्बोरेटरची टोपी उघडून स्लाइड बाहेर काढा. खालच्या कडेला एका बाजूने तिरपा काप असतो, तो फिल्टरच्या बाजूला हवा. स्लाइडवरची लांब खाच बॉडीतल्या पिनवर बसते. स्लाइड उलटी घातली तर ती पूर्ण खाली येत नाही आणि रेस पहिल्या किकपासून चढलेली राहते, म्हणून तुमच्याकडे हे असण्याची शक्यता कमी, पण टोपी उघडलीच आहे तर पाहून घ्या. स्लाइडवर इंजिनच्या बाजूला चकाकणारे खोल घासे असतील आणि बॉडीत ती बोटाने खडखड हलत असेल तर ती झिजली आहे. झिजलेल्या स्लाइडच्या कडेने हवा शिरते आणि स्लो सेटिंग कधीच स्थिर राहत नाही. कार्बोरेटर बदलण्याचं हे खरं कारण आहे. ते दिसलं तरच मेकॅनिकचं म्हणणं मान्य करा.

चोकच्या प्लंजरच्या टोकाला रबर असतं. ते तुटलं किंवा प्लंजर पूर्ण बसला नाही तर त्या वाटेने पेट्रोल आणि हवा दोन्ही जातात आणि रेस वर राहते. पण तेव्हा धूर जास्त, प्लग काळा आणि ओला. तुमचा प्लग काढून पाहा. गरम गाडी दोन मिनिटं स्लोवर ठेवून बंद करा आणि लगेच प्लग काढा. मातकट तपकिरी असेल तर ठीक, पांढुरका-राखाडी आणि कोरडा असेल तर मिश्रण हलकं. तुमच्या लक्षणांवरून दुसरा निघेल असं वाटतं.

पायलट जेटकडे (स्लोवर पेट्रोल देणाऱ्या जेटकडे) मात्र नीट लक्ष द्या, कारण रेस लटकण्याच्या तक्रारींत ते वारंवार सापडतं आणि त्याचा माग सहज लागत नाही. पायलट जेट तुंबलं की इंजिन स्लोवर उभं राहत नाही. मग कुणीतरी आयडल स्क्रू आत घेऊन स्लाइड उचलून ठेवतो. गाडी उभी राहते, पण आता ती स्लोच्या वाटेवर नसून स्लाइडच्या कापावर चालत असते, हलक्या मिश्रणावर, आणि गरम झाली की रेस लटकते. याची खूण म्हणजे आयडल स्क्रू सोडताच इंजिन लगेच बंद पडतं. तुमचं पडत नाही, तेव्हा एकटं पायलट जेट दोषी नाही. तरी ते काढून कार्ब क्लीनर आणि हवेने साफ करा आणि उजेडाकडे धरून भोक स्वच्छ गोल दिसतं का पाहा. पोलादी तार घालू नका, भोक मोठं होतं. ब्रशचा नायलॉनचा केस किंवा वायरमधली तांब्याची एक बारीक तार पुरते.

टाकीच्या झाकणाचं श्वासछिद्र आणि कॉकची जाळी हेही याच वेळी पाहून घ्या. छिद्र बंद असेल तर काही किलोमीटरनंतर पेट्रोल कमी उतरतं आणि लक्षणं तुमच्यासारखीच दिसतात. गरम झाल्यावर रेस चढली की झाकण उघडा. मिनिटभरात फरक पडला तर रोग तिथे.

इथवर काही सापडलं नाही तर फटीकडे वळा.

पहिली पटकन करायची तपासणी पाण्याने. फवाऱ्याची बाटली घ्या, इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि एकेका जागी नेमकं फवारा: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डचा जोड, मॅनिफोल्ड आणि रीड ब्लॉकची पॅकिंग, सिलिंडरच्या तळाची पॅकिंग, क्रँककेसच्या दोन भागांचा जोड. कुठे फवारताच रेस एकदम बदलली, अगदी दोन सेकंद का होईना, तर फट तिथेच. दोन जागांमध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर कुठल्या फवाऱ्याने फरक पडला ते कळत नाही. प्लगच्या टोपीवर पाणी घालू नका. गॅरेजमध्ये यासाठी पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या सिलिंडरवर आणि ठिणगीच्या शेजारी पेट्रोल टाकणं हा आगीशी खेळ आहे, ते कुणालाही करू देऊ नका.

मॅनिफोल्डचं रबर काढून हातात घ्या आणि वाकवून पाहा. तडा बहुधा खालच्या बाजूला असतो, बसवलेल्या स्थितीत दिसत नाही, आणि रबर गरम होऊन मऊ झालं की उघडतो. गरम झाल्यावरच तक्रार येण्याचं हे एक सरळ कारण. तडा दिसला तर नवीन रबर आणा. सिलिकॉनचा थर लावून भागवू नका, पेट्रोलमध्ये ते फुगतं, सुटतं आणि त्याचा तुकडा रीडमध्ये अडकला तर दुसरं काम वाढतं. जोडाचे सपाट भाग काचेवर ठेवून डुगडुगतात का पाहा. बोल्ट जास्त आवळल्याने पृष्ठभाग वाकलेला असतो. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर गोल फिरवत घासला की तो सपाट होतो. रीडची पाती उजेडाकडे धरून पाहून घ्या, कोपरा तुटला असेल तर बदला. पण नुसत्या खराब रीडने गाडी उशिरा चालू होते आणि कार्बोरेटरमधून मागे फवारा मारते. रेस लटकण्याचं ते सहसा मूळ नसतं.

बोअरनंतर पंधरा-वीस दिवसांनी सुरू झालेल्या तक्रारीत तळाची पॅकिंगही संशयित आहे. जुनी पॅकिंग परत वापरली, पृष्ठभागावर जुन्या पॅकिंगचे कण राहिले, किंवा इंजिन काही वेळा गरम-थंड झाल्यावर हेडचे नट पुन्हा आवळले नाहीत, या तिन्हींचा परिणाम साधारण इतक्याच दिवसांनी दिसतो. थंड इंजिनावर, तिरप्या क्रमाने, टॉर्क पान्याने नट एकदा तपासून घ्या. सिलिंडरच्या मुळाशी तेलकट काळी रेघ असेल तर तिथून मिश्रण बाहेर येतंय, आणि जिथून बाहेर येतं तिथून हवा आतही जाते.

उरले क्रँकचे दोन ऑइल सील. तुमच्या गाडीत उजवीकडे क्लच आहे आणि तो गिअर ऑइलमध्ये भिजतो. डावीकडे मॅग्नेट आहे, ती बाजू कोरडी. उजवा सील गेला तर इंजिन गिअर ऑइल ओढतं. पांढरट-निळा दाट धूर, प्लगवर तेल आणि गिअर ऑइलची पातळी घटत जाते. डावा सील गेला तर बाहेरची कोरडी हवा सरळ आत, धूर नाही, गळती नाही, नुसती रेस चढते. तुम्ही धुराबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून डाव्या सीलकडे जास्त बोट दाखवावं लागतं. तीस वर्षांचा रबरी सील कडक होतो, त्याची ओठासारखी कड शाफ्टला चिकटून राहत नाही. बोअर करताना सिलिंडर-पिस्टन बदलला जातो आणि सील जुनेच राहतात, कारण तिथपर्यंत कुणी जात नाही. नव्या पिस्टन-रिंगमुळे पंपाचा ओढा सुधारतो आणि आधी जेमतेम तग धरलेला सील मग हार मानतो.

अंदाजाने सील बदलण्यापेक्षा प्रेशर टेस्ट करून घ्या. रेस लटकण्याच्या प्रकरणात हीच तपासणी निकाल देते, आणि लागणारं सामान घरचं आहे. रक्तदाब मोजायचं जुनं डायल-वालं यंत्र घ्या, त्याचा फुगा, डायल आणि नळी पुरे. डायलवरचे ३०० मिमी म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ०.४ किलो, पौंडांत सांगायचं तर चौरस इंचाला ५.८ पौंड (पीएसआय), आणि या कामाला हवा तेवढाच दाब. कॉम्प्रेसर जोडू नका, जास्त दाबाने चांगला सीलही जागेवरून सरकतो.

सायलेन्सर उतरवून एक्झॉस्ट पोर्टवर ट्यूबच्या जाड रबराचा तुकडा आणि त्यावर लोखंडी पट्टी आवळा. प्लग जागेवर घट्ट बसवा. कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डच्या तोंडात रबरी बूच बसवा आणि क्लॅम्पने आवळा, त्यातून यंत्राची नळी आत घ्या. पिस्टन सर्वात खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडे राहतात आणि क्रँककेस-सिलिंडर एकच खोली होते. हवा मॅनिफोल्डकडूनच द्यायची, प्लगच्या भोकातून नाही. प्लगकडून दिली तर आतल्या दाबाने रीड बंद होतात, मॅनिफोल्ड आणि रीडची पॅकिंग तपासलीच जात नाही आणि ‘सगळं ठीक’ असा चुकीचा निकाल मिळतो.

डायल ३००वर आणा आणि एक मिनिट बघत राहा. २५०च्या खाली गेला नाही तर इंजिन हवाबंद मानायला हरकत नाही. काटा भरभर उतरला तर साबणाचं दाट पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा: प्लगचा तळ, हेड, तळाची पॅकिंग, केसचा जोड, मॅनिफोल्ड. आधी आपण लावलेली बुचं तपासा, बऱ्याच वेळा गळती तिथेच असते. डाव्या सीलसाठी मॅग्नेटचं कव्हर काढून, पुलर (ओढून काढायचं हत्यार) लावून फ्लायव्हील काढावं लागेल. मग शाफ्टभोवती साबण लावला की बुडबुडे स्पष्ट दिसतात. उजव्या सीलसाठी क्लच कव्हरवरचं गिअर ऑइल भरायचं टोपण काढून भोकावर साबणाचा पडदा धरा. क्रँककेसमधली हवा सीलमधून गिअर बॉक्समध्ये जात असेल तर तो पडदा फुगत जातो.

डावा सील निघाला तर बदलताना काही गोष्टी मेकॅनिकला आवर्जून सांगा. फ्लायव्हील पुलरनेच काढायचं, क्रँकच्या टोकावर हातोडा मारला तर क्रँक वाकते आणि ते दुखणं सीलपेक्षा फार मोठं. स्टेटर प्लेट (मॅग्नेटमधली कॉइलची तबकडी) काढण्याआधी तिच्या आणि केसच्या मध्ये खूण करायची. प्लेट फिरून बसली तर ठिणगीचं टायमिंग पुढे सरकू शकतं आणि त्यानेही रेस आणि उष्णता दोन्ही वाढतात. बोअरच्या वेळी मॅग्नेट उघडला होता का हेही विचारा, तसं असेल तर प्लेट जुन्या खुणेवर आहे ना ते आजच पाहा.

जुना सील काढण्याआधी तो केसच्या कडेपासून किती आत आहे ते मोजून ठेवा आणि नवा तेवढाच बसवा. जास्त आत ठोकला तर बेअरिंगला तेल देणारं भोक असल्यास ते बंद होतं. सीलला बाहेरून कड असून ती केसच्या खाचेत बसलेली असेल तर उपसून काढायचा प्रयत्न करू नका, केस उघडूनच काढावा लागतो. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू क्रँककेसकडे. शाफ्टवर पातळ टेप गुंडाळा म्हणजे फ्लायव्हीलची चावी बसते त्या खाचेने ओठ कापला जात नाही, ओठाला बोटाने थोडं ग्रीस लावा, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने सरळ ठोका. शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली खाच नखाला लागत असेल तर तेलाचं भोक झाकलं जात नाही हे बघून सील एक मिलिमीटर इकडे-तिकडे बसवा. कंपनीचा सील मिळाला नाही तर जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा आणि व्हायटन रबराचा मागा. तो उष्णता आणि आजचं पेट्रोल दोन्ही जास्त सोसतो.

सीलला हात लावण्याआधी फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. खडखड जाणवली तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. डुलणाऱ्या शाफ्टवर नवा सीलही काही आठवड्यांत एअर घ्यायला लागेल, तेव्हा इंजिन पूर्ण उघडून बेअरिंग आणि दोन्ही सील एकदम करा.

आजच्या पेट्रोलबद्दलही सांगायला हवं, कारण ही गाडी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला हवा कमी लागते. तेच जेट ठेवलं तर मिश्रण ढोबळमानाने सात-आठ टक्के हलकं होतं. जुनं रबरही त्याने लवकर खराब होतं, आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर फ्लोट चेंबर रिकामं करून ठेवणं बरं, कारण इथेनॉल पाणी ओढतं. फट बंद झाल्यावर प्लग अजूनही पांढुरका येत असेल तर मेन जेट एक नंबर मोठं टाकून बघा. पण फट उघडी असताना जेट वाढवून लक्षण झाकू नका. मधल्या थ्रॉटलला गाडी जड होईल आणि गरम झाल्यावर फट आपलं काम करतच राहील.

पत्र आरएक्सचं असलं तरी जुनी टू-स्ट्रोक येझ्दी-जावा चालवणाऱ्यांसाठी एक फरक: त्या इंजिनांत क्लच डावीकडे आणि डायनॅमो उजवीकडे असतो, म्हणून धूर आणि गिअर ऑइल घटणं डाव्या सीलचं, धुराशिवाय चढणारी रेस उजव्या सीलची. शिवाय त्यांत पॉइंट (ठिणगी सोडणारे संपर्क) असतात आणि पॉइंटची फट वाढली की टायमिंग पुढे जातं. आधी फीलर गेजने (जाडी मोजायच्या पट्ट्यांनी) पॉइंटची फट पाहा, मग सील. राजदूत ३५०मध्ये दोन कार्बोरेटर असल्याने दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलतात का हे पहिल्यांदा तपासायचं.

सगळं बंद झाल्यावर सेटिंग. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा. कार्बोरेटरवर दोन स्क्रू आहेत. स्लाइडला टेकणारा जाड तो आयडल, फिल्टरच्या बाजूचा बारीक तो एअर स्क्रू. एअर स्क्रू आत म्हणजे मिश्रण जड, बाहेर म्हणजे हलकं. तो अलगद तळाला टेकवा, दाबून नव्हे, टोक बारीक असतं आणि मोडतं. तिथून दीड आटा सोडा. आयडल स्क्रूने रेस थोडी वर ठेवा, मग एअर स्क्रू पाव-पाव आटा दोन्हीकडे फिरवून रेस सर्वात जास्त आणि आवाज सर्वात एकसारखा असेल ती जागा शोधा, प्रत्येक पाव आट्यानंतर दहा सेकंद थांबून. मग आयडल स्क्रूने रेस साधारण १,३०० फेऱ्यांवर आणा आणि एअर स्क्रू पुन्हा एकदा जुळवा. गाडीला टॅकोमीटर नसतो, तेव्हा प्लगच्या वायरला गुंडाळायचा साधा डिजिटल टॅकोमीटर वापरा आणि त्यात ‘फेऱ्याला एक ठिणगी’ हे सेटिंग निवडा, नाहीतर आकडा अर्धा किंवा दुप्पट दिसतो.

चांगली जागा एका आट्याच्या आत सापडली तर पायलट जेट लहान पडतंय, अडीच आट्यांच्या पुढे गेली तर मोठं आहे. आणि एअर स्क्रू पूर्ण आत घेऊनही रेस उतरत नसेल तर कुठेतरी हवा अजून शिरते. स्क्रू तिथेच सोडा आणि ३०० मिमीची तपासणी पुन्हा करा, या वेळी रीडच्या पॅकिंगवर आणि केसच्या जोडावर जास्त वेळ साबण धरून.

बरोबर बसलेल्या गाडीची खूण अशी: गरम इंजिनावर थ्रॉटल अर्धा उघडून सोडला की रेस सेकंदभरात खाली येते आणि आयडल स्क्रू सोडला की इंजिन बंद पडतं. दोन्ही जमलं की पहिले शंभर किलोमीटर पूर्ण थ्रॉटल टाळून चालवा, मग मॅनिफोल्डचे क्लॅम्प आणि हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा तपासा आणि प्लग काढून रंग पाहा. त्यानंतर घाट उतरायला हरकत नाही.